पासवर्ड बरोबर, तरी बाहेर

नुकतंच लिनक्स टाकलेला संगणक सुरू होतो. पडद्यावर नाव दिसतं, पासवर्ड टाइप करून एंटर दाबलं की क्षणभर काळोख होतो, आणि डेस्कटॉप यायच्या ऐवजी पुन्हा तोच नाव विचारणारा पडदा समोर उभा राहतो. पुन्हा पासवर्ड, पुन्हा काळोख, पुन्हा तोच पडदा. संगणकाची कामं करणारे याला लॉगिन लूप म्हणतात. बहुतेकांचा पहिला संशय पासवर्डवर जातो आणि शोधाची दिशा तिथेच चुकते. पासवर्ड चुकला तर लिनक्स तसं सांगतं: साधारण दोन सेकंद मुद्दाम थांबतं, रकाना रिकामा करतं आणि पासवर्ड जुळला नाही अशा अर्थाची ओळ दाखवतं. लूपमध्ये यातलं काहीच होत नाही. पडदा काळा होतो याचाच अर्थ आतलं काहीतरी सुरू झालं होतं. यंत्राने माणसाला ओळखलं, आत घेतलं, त्याच्यासाठी डेस्कटॉप मांडायला घेतला आणि मांडता मांडता तो कोसळला. या प्रकरणातला सगळा युक्तिवाद या एका निरीक्षणावर उभा आहे. लूप हा नकार नाही. प्रवेश मिळाल्यानंतर झालेला बिघाड आहे. तेव्हा पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही आणि सगळं पुसून नव्याने टाकण्याचीही गरज फार क्वचित पडते. लिनक्समध्ये ओळख पटवणारा भाग, डेस्कटॉप चालवणारा भाग, माणसाच्या फाइली आणि यंत्राचे ड्रायव्हर हे सगळे एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे ठेवलेले आहेत. म्हणूनच दोन-तीन नेमक्या कसोट्यांत दोष कुठे आहे ते सापडू शकतं.

हा प्रश्न कुणाला पडतो हे पाहायला हिंगणा रस्त्यासारखी जागा नाही. नागपूर मेट्रोची ॲक्वा मार्गिका लोकमान्य नगरला संपते, तिथून पुढे डिगडोह, इसासनी, वानाडोंगरी असा पट्टा आहे. यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून वानाडोंगरीला आहे. डिगडोहच्या टेकड्यांकडे प्रियदर्शिनी आणि रायसोनी ही अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. आणि याच रस्त्याला लागून हिंगण्याची एमआयडीसी आहे, महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्यापासून दोन लेथ मशीनच्या वर्कशॉपपर्यंत. इथे लिनक्स दोन वाटांनी येतं. एक वाट विद्यार्थ्याची: खेळांसाठी किंवा मशीन लर्निंगसाठी एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असलेला लॅपटॉप, त्यात विंडोज तसंच ठेवून शेजारी पंचवीस-तीस जीबीच्या कोपऱ्यात टाकलेलं उबुंटू. दुसरी वाट छोट्या कारखान्याच्या कार्यालयाची: विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, मग चालता संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यावर लिनक्स मिंट टाकलेलं बरं. दोन्हीकडे लूप दिसतो तो अगदी एकसारखा. कारणं मात्र बहुधा वेगळी असतात. लक्षण एक आणि कारणं दहा असली की एका ओळीचा रामबाण उपाय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत काय घडतं ते आधी पाहू. नाव विचारणारा पडदा हा स्वतःच एक छोटा प्रोग्राम आहे. त्याला डिस्प्ले मॅनेजर म्हणतात: ग्नोम डेस्कटॉपचा जीडीएम, केडीई डेस्कटॉपचा एसडीडीएम, मिंटसारख्या ठिकाणी लाइटडीएम. तो तुमच्या नावाने चालत नाही. त्याचा पडदा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो. पासवर्ड खरा की खोटा हेही तो स्वतः ठरवत नाही. ते काम 'पॅम' नावाच्या यंत्रणेकडे जातं. पॅमची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्सच्या अभियंत्यांनी १९९५ मध्ये मांडली. ओळख पटवण्याचं काम प्रत्येक प्रोग्रामने आपापलं न करता एका सामायिक जागी करावं, अशी ती होती. पॅमने होकार दिला की तुमच्या नावाने एक सत्र उघडलं जातं, आणि त्या सत्रातला प्रत्येक प्रोग्राम तुमच्याच अधिकाराने, तुमच्याच घरच्या फोल्डरमधल्या सेटिंग वाचत सुरू होतो. मोठी सीमारेषा इथे आहे. रेषेच्या अलीकडे यंत्राचा अधिकार चालतो, पलीकडे तुमचा. अलीकडचं सगळं धडधाकट असून पलीकडचं एकच काहीतरी मोडलं, तर सत्र अर्ध्या सेकंदात संपतं. सत्र संपल्यावर डिस्प्ले मॅनेजरने काय करायचं? पुन्हा लॉगिनचा पडदा दाखवायचा. ही शिस्त एक्सडीएमपासूनची आहे. तो ऑक्टोबर १९८८ मध्ये एक्स विंडो प्रणालीच्या अकराव्या पिढीच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत आला. तेव्हा एकाच सर्व्हरला जोडलेल्या टर्मिनलवर दिवसभर माणसं बदलत असत. एक उठला की दुसऱ्यासाठी पडदा तयार हवा, ही खरी गरज होती. म्हणजे लूपमधला डिस्प्ले मॅनेजर आपलं काम चोख करत असतो. तीन तास काम करून बाहेर पडलेला माणूस आणि अर्ध्या सेकंदात कोसळलेलं सत्र, या दोन्हींचा शेवट त्याला सारखाच दिसतो.

साखळी अशी असेल तर शोधही त्याच क्रमाने करायला हवा. एमआयडीसीतला अनुभवी वायरमन मोठ्या पॅनेलचा दोष शोधताना पहिल्या फ्यूजपासून एकेक तपासत जात नाही. तो मधोमध कुठेतरी टेस्टर लावतो, तिथे करंट आहे की नाही पाहतो आणि अर्धं पॅनेल एका फटक्यात संशयातून मोकळं करतो. लिनक्समधली अशी मधली जागा म्हणजे अक्षरी कन्सोल. लॉगिनच्या पडद्यावर असतानाच कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबावं. काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते. चित्रं नाहीशी होतात आणि काळ्या पडद्यावर नाव विचारणारी साधी ओळ येते. तिथे नाव आणि पासवर्ड द्यावा. पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, त्यामुळे कळफलक बिघडला असं वाटू देऊ नये. आत गेलात, तर पॅम, पासवर्ड, खातं आणि शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) हे चारही एकदम निर्दोष ठरतात. दोष चित्रमय सत्रात आहे. आत जाता आलंच नाही, तर तो वेगळा आजार आहे. एखाद्याने शेल बदलून झेडएसएच केलेला असतो आणि नंतर तो प्रोग्रामच काढून टाकलेला असतो. मग कन्सोलसुद्धा आत घेऊन लगेच बाहेर काढतं. घरचं फोल्डरच सापडत नसेल तर कन्सोल तशी ओळ छापतं आणि माणसाला मूळ फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. चित्रमय पडदा ज्या गोष्टी गिळतो, त्यातल्या बऱ्याच कन्सोल बोलून दाखवतं.

मराठी वापरणाऱ्यांसाठी इथे दोन बारीक खाचखळगे आहेत, इंग्रजी मार्गदर्शकांत ते सहसा येत नाहीत. लिनक्स टाकताना भाषा मराठी निवडली आणि सोबत मराठी कळफलकही घेतला, तर लॉगिनच्या पडद्यावर कळफलक देवनागरीत असू शकतो; रोमन अक्षरांचा पासवर्ड कितीही नीट टाइप केला तरी तो चुकणारच. पण हा लूप नव्हे, सरळ नकार आहे, आणि तो दूर करायला कोपऱ्यातल्या भाषेच्या खुणेवर एक क्लिक पुरते. दुसरा खळगा कन्सोलचा. लिनक्सच्या अक्षरी कन्सोलला देवनागरी मांडता येत नाही. त्याच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकार मावतात आणि जोडाक्षरं जुळवण्याची सोय त्यात नाही. यंत्राची भाषा मराठी असेल तर चुकांचे संदेश चौकोन आणि ठिपक्यांच्या रूपात दिसतात, आणि नेमका जो संदेश वाचायला आलो तोच वाचता येत नाही. अशा वेळी त्या बैठकीपुरती भाषेची सेटिंग 'सी' करून घ्यावी. संदेश इंग्रजीत येतात, पण निदान येतात तरी.

कन्सोलमध्ये पोचल्यावर पहिली कमांड द्यावी ती 'डीएफ', म्हणजे कोणत्या पार्टिशनमध्ये किती जागा उरली ते सांगणारी. विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरचं हे सर्वांत साधं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. उबुंटूचे निर्माते डेस्कटॉपसाठी २५ जीबी जागा सुचवतात. तेवढ्याच जागेत अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकरच्या प्रतिमा, पायथनची भलीमोठी पॅकेजं बसवली की डिस्क भरते. आता कुणी म्हणेल, डिस्क भरली असती तर लॉगिनचा पडदा तरी कसा दिसला असता? एक्स्ट-४ या फाइल-व्यवस्थेत डीफॉल्ट म्हणून ५ टक्के जागा मुख्य अधिकाऱ्यासाठी, म्हणजे रूटसाठी, राखलेली असते. ३० जीबीच्या पार्टिशनमध्ये ही राखीव जागा दीड जीबी भरते. सामान्य वापरकर्त्यासाठी डिस्क पूर्ण भरलेली असते तेव्हाही रूटच्या सेवांना दीड जीबी मोकळी दिसते. डिस्प्ले मॅनेजरच्या रोजच्या कामाच्या बऱ्याच फाइली तर मेमरीतच असतात. त्यामुळे यंत्र सुरू होतं, पडदा येतो, पासवर्ड तपासला जातो, आणि सत्राने तुमच्या घरात पहिली छोटी फाइल लिहायचा प्रयत्न केला की सगळं आटोपतं. कन्सोल मात्र उघडतं, कारण साध्या शेलला सुरू होताना काही लिहावं लागत नाही. अलीकडची आणि पलीकडची अशी जी सीमारेषा वर सांगितली, तिचा याहून चोख पुरावा मिळणं कठीण. उपाय जागा करण्याचा: पॅकेजांचा साठा, जुन्या नोंदी, कचरापेटी. नंतर विंडोजकडून दहा-वीस जीबी मागून घेणं हेच खरं औषध.

डिस्कवर जागा असेल तर दुसरी कसोटी घ्यावी. कन्सोलमधूनच 'सुडो', म्हणजे रूटच्या अधिकाराने काम करू देणारी कमांड, लावून एक नवं खातं बनवावं, मग कंट्रोल-ऑल्ट-एफ-१ (लाइटडीएम असेल तर बहुधा एफ-७) दाबून चित्रमय पडद्यावर परत यावं आणि त्या नव्या नावाने आत जाऊन पाहावं. नवं खातं डेस्कटॉपपर्यंत पोचलं तर ग्राफिक ड्रायव्हर, डिस्प्ले मॅनेजर, डेस्कटॉपची पॅकेजं हे सगळे एका दमात सुटले; दोष जुन्या खात्याच्या घरच्या फोल्डरमध्ये आहे. नवं खातंही बाहेर फेकलं गेलं तर घर निर्दोष, दोष यंत्राच्या सामायिक भागात. अशी दोन मिनिटांची ही कसोटी आहे, तरी लोक ती सोडून तीन तास भलत्या फाइली उकरत बसतात, याचं नवल वाटतं.

घरातला दोष म्हटला की सगळे जण एकाच फाइलकडे बोट दाखवतात: ठिपक्याने सुरू होणारी, म्हणून एरवी लपलेली, एक्स-ऑथॉरिटी. तिच्यात एक गुप्त आकडा असतो; तो दाखवल्याशिवाय एक्स सर्व्हर कोणत्याही प्रोग्रामला पडद्यावर काही काढू देत नाही. एखाद्याने सुडो लावून चित्रमय प्रोग्राम चालवला, किंवा कन्सोलमधून सुडोनेच एक्स सुरू केलं, तर ही फाइल रूटच्या मालकीची होऊन बसू शकते. मग तुमच्याच घरातली फाइल तुम्हालाच वाचता येत नाही. मालकी परत आपल्या नावावर करून घेतली, किंवा फाइल बाजूला सारली, की काम होतं. ती पुढच्या लॉगिनला आपोआप नवी बनते. उपाय बरोबर आहे, पण तो कुठे लागू पडतो हे सहसा सांगितलं जात नाही. लाइटडीएम हा गुप्त आकडा घरात ठेवतो, म्हणून मिंटवर किंवा झुबुंटूवर ही फाइल पाहणं योग्य. मुख्य उबुंटूतला जीडीएम तो आकडा घरात ठेवतच नाही. चालू सत्रापुरत्या मेमरीतल्या फोल्डरमध्ये ठेवतो. आणि सत्र एक्सऐवजी वेलँडचं, म्हणजे पडद्यावर चित्र काढण्याच्या नव्या पद्धतीचं, असेल, उबुंटूत २१.०४ पासून बहुतेक यंत्रांवर ते तसंच असतं, तर लॉगिनच्या वेळी या घरातल्या फाइलचा संबंधच उरत नाही. तरीही उबुंटू वापरणाऱ्यालाही पहिला सल्ला हाच मिळतो. एके काळचा अचूक उपाय पुढे नुसता पाठांतराचा मंत्र होऊन राहतो, त्याचं हे उत्तम उदाहरण.

मालकीचाच दुसरा घोटाळा कार्यालयातल्या जुन्या संगणकावर होतो. लिनक्सला मालकाचं नाव ठाऊक नसतं, आकडा ठाऊक असतो. पहिल्या खात्याला १०००, दुसऱ्याला १००१, असे ते आकडे दिले जातात. समजा जुन्या लिनक्सवर हिशेबाचं खातं आधी बनवलं होतं आणि स्टोअरचं नंतर. नवं लिनक्स टाकताना घरच्या फोल्डरांचं पार्टिशन शहाणपणाने जपलं, पण खाती उलट क्रमाने बनवली. आता स्टोअरचा आकडा १००० झाला आणि त्याच्या जुन्या फाइलींवर मात्र १००१ ची मालकी आहे. स्टोअरवाल्याचा पासवर्ड बरोबर, खातं बरोबर, फाइलीही जागच्या जागी. फक्त त्या आता दुसऱ्याच्या आहेत. फाइलींची यादी नावांऐवजी आकड्यांत मागितली की हा गोंधळ एका नजरेत दिसतो. फेडोराच्या फार जुन्या यंत्रांत तर पहिला आकडा ५०० असे. २०११ च्या फेडोरा १६ पासून तो १००० झाला.

तिसरं कारण विद्यार्थ्यांच्या खास आवडीचं. जावा किंवा हडूप बसवताना पाथ नावाची सेटिंग बदलावी लागते. ही म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्यांची यादी. नवा पत्ता जुन्या यादीच्या शेवटी जोडायचा असतो, आणि घाईत जुनी यादीच पुसली जाते. घरातल्या प्रोफाइल फाइलमध्ये ही चूक झाली तर एकाच खात्याचं सत्र मोडतं. उबुंटूत एक्स सत्र सुरू करणारी लिपी ती फाइल डॅश नावाच्या काटेकोर शेलकडून वाचून घेते, त्यामुळे एखादा न मिटलेला अवतरणचिन्हाचा जोडसुद्धा सत्र संपवायला पुरतो. हीच चूक सगळ्या यंत्राच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये झाली तर सगळ्यांचीच दारं बंद होतात. ही फाइल शेलची लिपी नाही. तिच्यात डॉलरचं चिन्ह टाकून जुनी यादी बोलावता येत नाही; ते चिन्ह आणि पुढचं नाव जसंच्या तसं अक्षर म्हणून घेतलं जातं. हा दोष ओळखायला सोपा आहे, कारण कन्सोलमध्ये गेल्यावर फाइलींची यादी दाखवणारी अगदी साधी कमांडही 'सापडली नाही' म्हणते. अशा वेळी कमांडचा पूर्ण पत्ता लिहून संपादक उघडायचा आणि ओळ दुरुस्त करायची.

नवं खातंही आत जाऊ शकलं नाही, आणि पाथही ठीक आहे, तर संशय ग्राफिक ड्रायव्हरवर. लॉगिनचा पडदा एवढा स्वच्छ दिसतो तर ग्राफिकमध्ये दोष कसा असेल, हा आक्षेप बरोबर वाटतो, पण टिकत नाही. लॉगिनचा पडदा आणि तुमचं सत्र एकाच वाटेने चित्र काढतील असं नाही. पडदा वेलँडवर आणि साध्या ड्रायव्हरवर चालू शकतो, तर सत्र एक्सवर आणि एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर जायला पाहतं. उबुंटू २४.०४ मध्ये नावावर क्लिक केल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चक्र दिसतं. तिथून दुसऱ्या प्रकारचं सत्र निवडून पाहणं ही फुकटची कसोटी आहे. एक चाललं आणि दुसरं पडलं, तर दोष नेमका कुठे ते कळलंच. ऑक्टोबर २०२५ च्या २५.१० मध्ये मात्र ग्नोमचं एक्स सत्र काढून टाकलं आहे, तिथे ही निवड मिळणार नाही. एनव्हिडियाच्या लॅपटॉपवर आणखी एक हमखास अडचण सिक्युअर बूटची, म्हणजे यंत्र सुरू होताना सही तपासणाऱ्या सोयीची. ते चालू असेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सही नसलेला ड्रायव्हर चढवत नाही. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक तात्पुरता पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारतं. तो पडदा दहा सेकंद थांबतो आणि निघून जातो. त्या दहा सेकंदांत चहाचा कप उचलायला गेलेल्याचा ड्रायव्हर बसवलेला असूनही चढत नाही. कार्यालयातल्या संगणकावर याच जागी वेगळं कारण असतं: अपडेट चालू असताना वीज गेली आणि अर्धी पॅकेजं उलगडलेली, अर्धी न जोडलेली राहिली. यूपीएस नसलेल्या टेबलावर, उन्हाळ्यातल्या नागपुरात, हे काही दुर्मीळ नाही. अर्धवट राहिलेली जोडणी पूर्ण करायला पॅकेज व्यवस्थापकाची एकच कमांड लागते आणि ती कन्सोलमधून चालते.

नोंदी वाचायच्या त्याही इथेच. 'जर्नलसीटीएल' या कमांडने या वेळच्या सुरुवातीपासूनच्या नोंदी मिळतात. त्यातल्या फक्त चुका मागाव्यात. ग्नोमवर बहुधा शेवटी एक ठळक ओळ सापडते की ग्नोम-शेल हा आवश्यक घटक सावरता येणार नाही असा पडला. लोक तीच ओळ धरून बसतात. पण ती बातमी मृत्यूची आहे, आजाराची नव्हे. तिथून वर वर जात, एंटर दाबलेल्या सेकंदाला आलेली पहिली तक्रार गाठायची: जागा नाही, परवानगी नाही, ड्रायव्हर सापडला नाही. बाकीच्या चाळीस ओळी तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

आता मोठा आक्षेप. इतकी खटपट कशाला? फॉरमॅट मारा, अर्ध्या तासात नवं लिनक्स. हा सल्ला देणारा मूर्ख नसतो. यंत्रावर अजून एकही फाइल नसेल आणि ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं त्याचीच शंका असेल, तर पेनड्राइव्ह नव्याने बनवून पुन्हा टाकणं हाच समंजस मार्ग आहे. पण वरची कारणं एकेक करून पाहा. डिस्क लहान होती म्हणून भरली. पुन्हा तेवढ्याच जागेत टाकलं तर पुन्हा भरेल. सिक्युअर बूटचा निळा पडदा सुटला. पुन्हा टाकलं तर तो पुन्हा येईल आणि पुन्हा सुटेल. घराचं पार्टिशन जपलं तर मोडकी प्रोफाइल आणि उलटी मालकी दोन्ही जशीच्या तशी परततात. जपलं नाही तर दोषासोबत प्रोजेक्ट रिपोर्ट आणि वर्षभराची बिलंही जातात. म्हणजे फॉरमॅटने बरे होणारे लूप थोडे, आणि जे होतात ते का बरे झाले हे कळत नाही. शिवाय विंडोजसोबत टाकलेल्या लिनक्सवर पार्टिशन निवडताना एक चुकीचा क्लिक झाला, तर नुकसान लिनक्सपुरतं राहत नाही.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: तपासत कशाला बसायचं, तयार कमांड मिळतात त्या एकामागून एक चालवून पाहायच्या. परवानगीचा दोष आहे असं ऐकलं की सगळ्या फाइली सगळ्यांना उघड्या करणारी ७७७ ची कमांड कुणीतरी देतो. घरच्या फोल्डरवर ती चालवली तर एसएसएच आपल्या किल्ल्या वापरायलाच नकार देतं, कारण इतरांना वाचता येणारी किल्ली त्याच्या लेखी किल्लीच नव्हे. मूळ फोल्डरपासून खाली सगळीकडे चालवली, तर सुडोवरची खास खूण पुसली जाते आणि सुडो स्वतःच बंद पडतं; म्हणजे दुरुस्तीचं हत्यारच मोडलं. एका बाबतीत मात्र परवानगीचा आकडा खरंच पाहावा. टीएमपी या सामायिक फोल्डरचा आकडा १७७७ असावा लागतो, आणि तो बिघडला तर एक्स सर्व्हरला आपलं सॉकेट बनवता येत नाही. तिथेही आधी आकडा पाहायचा, बिघडलेला दिसला तरच बदलायचा.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. साध्या माणसाला काळ्या पडद्यावर कमांड द्यायला लावणारी व्यवस्था घराघरांत कशी जाणार? विंडोजमध्येही खात्याची प्रोफाइल बिघडली की माणूस बाहेर राहतो किंवा तात्पुरत्या रिकाम्या डेस्कटॉपवर पोचतो, हे खरं. पण निदान तिथे एक वाक्य दिसतं. लिनक्सकडे सांगण्यासारखं जास्त असतं आणि ते पडद्यावर मात्र गप्प राहतं. हे तंत्रामुळे अटळ आहे असंही म्हणता येत नाही. जुन्या जीडीएम २ मध्ये सत्र दहा सेकंदांच्या आत संपलं तर एक पाटी येत असे: तुम्ही स्वतः बाहेर पडला नसाल तर बसवण्यात काही दोष असेल किंवा डिस्क भरली असेल, सुरक्षित सत्रातून जाऊन पाहा, असा तिचा आशय होता. सत्र अर्ध्या सेकंदात पडलं की तीन तासांनी संपलं, हे घड्याळाकडे पाहून ओळखता येतं, हे तेव्हाच्या लेखकांना सुचलं होतं. जीडीएम नव्याने लिहिला गेला तेव्हा ही पाटी गेली. नवे पडदे दिसायला सुंदर आहेत, पण या एका बाबतीत ते मागे गेले आहेत, आणि डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे याची मागणी करायला हरकत नाही. तोवर कन्सोल आहे. त्याची भीती घालवायला मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सच्या प्राथमिक कमांडचे धडे मराठी आवाजात उपलब्ध आहेत. या प्रकरणात लागलेल्या कमांडची संख्या त्या धड्यांहून फार मोठी नाही.

दुरुस्ती झाली की कसोटीसाठी बनवलेलं ते जादा खातं काढून टाकण्याची घाई करू नये. त्याचा पासवर्ड कार्यालयात वहीत, हॉस्टेलवर कुठेतरी लिहून ठेवावा आणि त्याला सुडोचा अधिकारही द्यावा. पुढच्या कर्नल अपडेटनंतर पडदा पुन्हा फिरून आला तर दुसरी कसोटी कन्सोलमध्ये न जाताच घेता येते: नावांच्या यादीतलं दुसरं नाव निवडायचं आणि एंटर दाबायचं.